शहाणं बाळ आणि कोरडा लंगोट

मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही घरात बाळंतिणीची खोली कोणती, हे विचारावं लागत नाही. सगळ्या घरात कूलर घोंघावत असतो आणि एकाच खोलीचं दार लावलेलं असतं. खिडकीवर जुनी चादर, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी. बाळाच्या डोक्याला कुंची, पायात मोजे, अंगाभोवती घट्ट दुपटं. बाहेर नवतपा सुरू आहे आणि पारा 45च्या आसपास आहे, याच्याशी त्या खोलीचा काही संबंध नसतो. तिथे फक्त वाऱ्याची भीती. बाळंतिणीलाही पाणी बेतानंच मिळतं. जास्त प्यायलं की पोट सुटतं म्हणे.

मी या सगळ्याची थट्टा करणार नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रोजची शेक-मालीश, सव्वा महिना कुणी कामाला हात लावू न देणं, यातलं बरंचसं शहाणपणाचंच आहे आणि शहरातल्या एकट्या पडलेल्या बायांना ते मिळत नाही याचं वाईट वाटतं. पण थंडी-पावसात उपयोगी पडणारी खोली आपण उन्हाळ्यातही जशीच्या तशी उभी करतो, आणि त्या खोलीत सगळ्यांत लहान माणसाच्या अंगातलं पाणी कमी होत असताना ते कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या भाचीला मुलगा झाला तो असाच, मूर्तिजापूरजवळच्या गावी, ऐन तापत्या दिवसांत. बाळंतपण सरळ झालं, वजन 2 किलो 900 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी दोघं घरी आली. घरात ताई, तिच्या सासूबाई म्हणजे सगळ्यांच्या आजी, जावा, येणारी-जाणारी शेजारीण. प्रत्येकीच्या तोंडी एकच कौतुक. ‘किती शहाणं लेकरू आहे! रात्रभर आवाज नाही.’ मीही गेले होते, आणि खरंच, बाळ झोपलेलंच असायचं. छातीशी धरलं की चार घोट ओढायचं आणि परत डोळे मिटायचं. भाची थकलेली, तिचंही दूध दाटून छाती दगडासारखी झालेली. बाळ झोपतंय म्हटल्यावर तीही झोपायची. तिला कोण नाही म्हणणार?

सातव्या दिवशी गावातली आशाताई आली. घरी येऊन नवजात बाळ तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. तिसऱ्या दिवशी ही मंडळी दवाखान्यातून वाटेवरच होती, त्यामुळे ही तिची पहिलीच खेप. तिच्या पिशवीत थर्मामीटर होता, घड्याळ होतं, आणि झोळीचा वजनकाटा. बाळाला झोळीत घालून तिनं काटा उचलला. 2 किलो 500. तिनं झोळी उतरवली, काटा शून्यावर आणला, परत वजन केलं. तेवढंच.

मग तिनं विचारलं, ‘कालपासून सू किती वेळा झाली?’

खोलीत एवढ्या बायका. बाळाचं नाक कुणाच्या वळणावर गेलंय, कानाच्या पाळ्या कुणाच्या, रंग उजळेल की नाही, सगळ्यावर मतं तयार. या प्रश्नावर मात्र सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ताई म्हणाली, मी सकाळी एक लंगोट बदलला. जाऊ म्हणाली, मी काल संध्याकाळी. आजी म्हणाल्या, दिवसभर तर कोरडंच आहे, त्रास नाही काही. त्या हे चांगल्या अर्थानं म्हणाल्या होत्या. आशाताईनं टाकलेला लंगोट मागितला. त्यावर विटकरी रंगाचा डाग होता. ताईला वाटलं रक्त. ते रक्त नव्हतं. लघवी फार दाट झाली की त्यातले युरेटचे कण असा डाग सोडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत एखाद वेळी दिसला तर चालतो, आठवड्याच्या बाळाला दिसू नये. अंगही कोमट होतं. ताप 100.6. दुपट्यातली गरमी म्हणावं तर दुपटं सोडून बराच वेळ झाला होता. तिनं तळपायावर टिचक्या मारल्या, बाळानं एक डोळा किलकिला केला, बारीक कुरकुरलं आणि पुन्हा मान टाकली.

‘काकू, हे शांत नाही,’ ती आजींना म्हणाली, ‘हे थकलंय. रडायला पण ताकद लागते.’

दुपारच्या आत बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी बाळांच्या विभागात होतं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, 160च्या वर निघालं. ते 135 ते 145च्या दरम्यान असायला हवं. पुढचे दोन दिवस डॉक्टरांनी ते अगदी सावकाश खाली आणलं. घाईनं उतरवलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात, असं त्यांनी ताईला समजावलं, कारण ताई सारखी विचारत होती की एक मोठी सलाईन लावून मोकळं का करत नाहीत. भाचीचं दाटलेलं दूध तिथल्या नर्सनं हातानं काढायला शिकवलं, वाटी-चमच्यानं बाळाला पाजलं, मग बाळाला अंगावर नीट कसं लावायचं ते दाखवलं. नुसतं बोंडाचं टोक तोंडात नको, भोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा हिस्सा तोंडात गेला पाहिजे. आठवड्यानं मुलगा घरी आला तो चांगला बेंबीच्या देठापासून रडत. आता तो शाळेत जातो आणि अजिबात शहाणा नाही.

या प्रसंगानंतर मी बरंच वाचलं, विचारलं, आणि बाळ झालेल्या प्रत्येक घरात नको तेवढं बोलायला लागले. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपल्या घरांमध्ये बाळाकडे बघणारे डोळे भरपूर असतात, पण ते बघतात भलतीकडे. रडणाऱ्या बाळासाठी सगळं घर उठतं. दृष्ट काढतात, मीठ-मोहऱ्या चुलीत जातात, ओव्याचं पाणी होतं, ग्राइप वॉटरची बाटली येते. गप्प पडलेल्या बाळासाठी कुणी उठत नाही. आणि अंगातलं पाणी संपत आलेलं बाळ बरेचदा गप्पच असतं.

नवजात बाळाच्या वजनाचा जवळजवळ पाऊण भाग पाणी असतो. मोठ्या माणसाचा साठ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला वाटतं, बाळाकडे जास्त साठा आहे. पण त्याची रोजची गरजही वजनाच्या मानानं आपल्या तिपटी-चौपटीची असते. त्याची कातडी अंगाच्या मानानं जास्त, श्वास भराभर, मूत्रपिंडं अजून लघवी दाट करून पाणी राखायला शिकलेली नाहीत. आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही, उठून माठापर्यंत जाणं तर दूरच. म्हणून मोठ्याला जे दोन जुलाब चहासोबत विसरता येतात, ते बाळाला झेपत नाहीत.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतंच, ते घाबरायचं कारण नाही. सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर पाजण्याकडे नीट लक्ष द्यायचं. दहा टक्क्यांवर गेलं तर डॉक्टरकडे जायचंच. आमच्या बाळाचं जवळपास चौदा टक्के उतरलं होतं. दोन आठवड्यांच्या आत वजन परत जन्मवेळेच्या आकड्यावर यायला हवं. सूचा हिशेब तर पाटीवर लिहून ठेवावा इतका सोपा आहे. पहिल्या दिवशी एखादी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा, फिकट रंगाच्या. शीसुद्धा बोलते. पहिल्या दिवसांची काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल तर पोटात पुरेसं दूध जात नाहीये.

यात एक फसवी गोष्ट आहे. जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातात. दूध कमी पडलेल्या नवजात बाळाचं पाणी जातं आणि मीठ मागे उरतं. मग रक्तातलं ते जादा मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतं, आणि वरून बाळ फारसं सुकलेलं दिसतच नाही. कातडी सैल पडत नाही. डोळे खोल दिसतीलच असं नाही. बाळ झोपाळू होतं, कधी ताप येतो, कधी कावीळ वाढते. आशाताईचा वजनकाटा म्हणून इतका महत्त्वाचा. सगळ्या घराच्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते काट्यानं दाखवलं. (या सगळ्या खेपा पूर्ण केल्या की आशाला त्यापोटी ठरलेला मोबदला 250 रुपये. घरात पेढ्यांवर त्याहून जास्त खर्च झाला होता.)

आता टाळूबद्दल. आपल्याकडे बाळाची टाळू भरायची रीत आहे. रोज न्हाऊ घालण्याआधी तेल कोमट करून तळहातानं हलकेच टाळूवर थापायचं. डोक्याची हाडं अजून जुळलेली नसतात, तिथे तो मऊ चौकोन असतो आणि हात ठेवला की ठोका लागतो. त्या तेलानं टाळू लवकर भरते ही समजूत खरी नाही, ती आपल्या वेळेला भरते, बहुतेक मुलांची दीड वर्षाच्या आसपास. तरी मला या रिवाजाचं एक फार मोलाचं वाटतं. रोज टाळूवर हात ठेवणाऱ्या आजीला त्या जागेची उंची हातानं पाठ असते. ती कालच्यापेक्षा खाली गेली तर तिच्या इतकं लवकर कुणालाच कळणार नाही, डॉक्टरलाही नाही, कारण डॉक्टर ते डोकं पहिल्यांदाच हातात घेत असतो. बाळ शांत असताना, उभं धरून किंवा मांडीवर बसतं धरून बघावं. जरा आत असलेली आणि ठोका लागणारी टाळू ही नेहमीची गोष्ट. वाटीसारखी खोल गेली तर अंगातलं पाणी बरंच गेलंय.

दुर्दैव असं की खूण ओळखणारा हात पुढे चुकीचं करतो. टाळू खाली गेली की तेल वाढवतात. काही घरांत टाळूवर लेप लावतात, कुठे बाळाच्या तोंडात बोट घालून आतला टाळा वर दाबतात. आजीचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, उपाय शंभर टक्के निरुपयोगी, आणि बोटानं दाबणं तर घातकच. टाळू वर यायची असेल तर ती पोटात गेलेल्या पाण्यानं येते.

दुसऱ्या टोकाला, पाणी कमी पडलंय हे कळलं की लगेच बाळाला पाणी पाजणारे लोक आहेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर हा मोह फार. ‘आपल्याला घशाला कोरड पडते, त्या जिवाला नसेल का पडत?’ वाक्य मायेचं आहे. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, नवतप्यातसुद्धा नको. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. साधं पाणी पाजलं की इवलंसं पोट भरतं, दूध तेवढं कमी जातं, आणि जास्त गेलं तर रक्तातलं मीठ उलट पातळ होऊन झटके येऊ शकतात. शिवाय पाणी कुठलं, भांडं कुठलं, हा प्रश्न आहेच. साखरपाणी, गुटी, मध यांनाही तेच. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. करायचं ते एवढंच की दर दोन-अडीच तासांनी बाळाला उठवून पाजायचं. झोपाळू असेल तर दुपटं सोडायचं, पाय चोळायचे, लंगोट बदलायचा, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. गरमीत बाळाला एक सुती झबलं पुरतं. खोलीत हवा खेळती ठेवायची, कूलरचा झोत फक्त थेट अंगावर नको. आणि आईला पाणी द्यायचं, तिला हवं तेवढं, मोजल्याशिवाय. दूध खरोखरच कमी पडत असेल तर वरचं दूध द्यायचं की नाही, कुठलं, किती, हे डॉक्टरनं ठरवायचं, शेजारणीनं नाही.

सहा महिन्यांपुढे कथा बदलते. बाळ रांगतं, जे दिसेल ते तोंडात घालतं, वरणभात सुरू होतो, आणि एक दिवस पाण्यासारखी शी सुरू होते. त्या वयात घरातलं ठरलेलं निदान एकच असतं, ‘दात येताहेत.’ दात या वयात येतच असतात, त्यामुळे हे निदान खोटं पाडणं अवघड. दातांमुळे लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, चिडचिड होते. दिवसाला आठ-दहा पाणचट शी दातांमुळे होत नाहीत. त्या जंतूंमुळे होतात, लहान मुलांत बरेचदा रोटाव्हायरसमुळे. त्याची लस 2019पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात आहे, 6, 10 आणि 14 आठवड्यांना तोंडातून देतात, फुकट. ती दिली असेल तर आजार सौम्य जातो. ‘दात येताहेत’ या दोन शब्दांत दीड-दोन दिवस निघून जातात, आणि बाळाकडे तेवढेच दिवस असतात.

मग दुसरी चूक. पोटात काही ठरत नाही, तर पोटाला आराम द्या. दूध बंद, वरण बंद, पाणीसुद्धा घोटभरच. जे जातंय ते थांबवायचं म्हणून जे येतंय तेही बंद! मोठ्यांचे जुलाब बंद करायची औषधंही कुणीतरी काढून देतं, त्यांनी बाळाचं आतडं लुळं पडू शकतं. या जुलाबात मारतो तो जंतू नव्हे, गेलेलं पाणी आणि मीठ परत न मिळणं मारतं. ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही फार जुन्या काळापासून माहीत होती असं नाही.

1971 साली बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेली लाखो माणसं पश्चिम बंगालच्या सीमेवर छावण्यांमध्ये होती. बनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, जमिनीवर ओळीनं रोगी. कोलकात्याहून आलेले डॉ. दिलीप महालनाबीस शिक्षणानं बालरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या आणि शिरेतून सलाइन लावणारे हात तर त्याहून आधी संपले होते. तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी देऊन कॉलराचा रोगी सावरतो, हे तोवर कोलकाता आणि ढाक्याच्या संशोधनात दिसलेलं होतं, पण ते दवाखान्यात, तज्ज्ञांच्या नजरेखाली. महालनाबीसांनी ग्लुकोज, साधं मीठ आणि खायचा सोडा यांची मापं बांधली, पिंपांत द्रावण बनवलं, पिंपाला तोटी लावली आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आई, बहीण, नवरा, जे कुणी शेजारी बसलंय त्यांनी पाजायचं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्के होतं, ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. सुरुवातीला मोठ्या मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. 1978 साली ‘लॅन्सेट’नं मात्र लिहिलं की हा या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरावा. महालनाबीस 2022मध्ये गेले, पद्मविभूषण त्यांना 2023मध्ये मरणोत्तर मिळालं. आपल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात, त्यांत मी त्यांची अजून पाहिलेली नाही.

त्या पाण्यात एवढं काय आहे? जुलाबात आतड्याची मीठ आणि पाणी शोषायची बहुतेक दारं बंद पडतात. एक दार चालू राहतं, आणि त्यातून साखर आणि मीठ जोडीनंच आत जातात. साखरेचं बोट धरून मीठ जातं, आणि मिठामागे पाणी जातं. त्यामुळे माप महत्त्वाचं. साखर जास्त झाली तर तीच आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. मीठ जास्त झालं तर आमच्या बाळाच्या रक्तासारखी गत. आजच्या ओआरएसच्या, म्हणजे याच मीठ-साखरेच्या पाण्याच्या, मोठ्या पुडीत 20.5 ग्रॅम पूड असते, त्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट, आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर.

आणि इथेच घराघरात घोटाळा होतो. बाळ लहान म्हणून चमचाभर पूड पेल्यात घालतात, उरलेली पुडी गुंडाळून फ्रिजच्या दारात. मग कधी द्रावण पाणचट, कधी जहाल. कुणी ते दुधात कालवतं, कुणी गोड लागावं म्हणून वर साखर टाकतं. बाजारात 200 मिलिलिटरसाठीच्या लहान पुड्याही मिळतात, म्हणून आधी पुडीवर किती पाण्यासाठी ते वाचायचं. उकळून गार केलेलं पाणी मोजायचं, पूड त्यात पूर्ण विरघळवायची, झाकून ठेवायचं, नंतर पुन्हा उकळायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. लिटरभर द्रावण बाळाला कसं संपेल अशी काळजी करणाऱ्यांना मी सांगते की पुडी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, टाकून द्या खुशाल. पुडी खरंच हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पण हा तात्पुरता आधार, पुडी आणायला माणूस गेलेला असताना.

औषधाच्या दुकानात आणखी एक सापळा होता. ओआरएस म्हणून मागितलं की फळाच्या चवीचं, नावात ती तीन अक्षरं असलेलं, डब्यातलं गोड पेय हातात पडायचं. त्यात साखर कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षं याविरुद्ध झगडा दिला, आणि ऑक्टोबर 2025मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. तरी पाकिटावरचा मजकूर वाचायची सवय लावून घेतलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, एवढं बघावं.

पाजायचं कसं, हे बनगावच्या नातेवाइकांना जमलं तसं कुणालाही जमतं, फक्त चिकाटी लागते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. बाटलीनं गटगट नाही, वाटी-चमच्यानं, दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. ओकलं तर ‘बघा, पोटात ठरतच नाही’ म्हणून सोडून द्यायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं आणि परत आणखी हळू सुरू करायचं. ओकारी मोठी दिसते, पण पोटात थोडं राहिलेलं असतंच. तहानलेलं बाळ हे खारट-गोड पाणी अधाशासारखं पितं, चमच्यामागे तोंड नेतं. पाणी फारसं गेलेलं नसेल तर तेच बाळ तोंड फिरवतं. मला ही खूण फार आवडते, कारण ती बाळ स्वतः देतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, उलट जास्त वेळा पाजायचं. वरचं खाणारं असेल तर मऊ खिचडी, भाताची मीठ घातलेली पेज, दह्याचं पातळ ताक, केळं. आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंकच्या गोळ्या. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, चौदा दिवस पूर्ण. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की ती पट्टी कपाटात जाते, तसं नको.

बाळाच्या खुणा बघताना काही बारकावे कुणी सांगत नाही. चिमूट बघायची ती हाताच्या पाठीवर नाही, पोटावर, बेंबी आणि कडेच्या मधोमध. कातडी उभी चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक, हळू गेली तर पाणी कमी, आणि दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर फार कमी. पण गुटगुटीत बाळात चरबीमुळे ती लवकर बसते आणि फसवते, कुपोषित बाळात पाणी ठीक असूनही ती सैल असते. अश्रूंचंही तसंच. पहिल्या काही आठवड्यांत बाळं बिनाअश्रूंचीच रडतात, तेव्हा कोरडं रडणं ही खूण तिथे धरता येत नाही. चार-सहा महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांतून मात्र पाणी यायला हवं. तोंडात स्वच्छ बोट घालून जीभ ओली आहे का बघावं. डोळे खोल वाटतात का, हे आईलाच विचारावं, कारण काही बाळांचे डोळे मुळातच खोल असतात.

डायपरनं यातली एक खूण आपल्या हातातून काढून घेतली. लंगोटांच्या घरात सूचा हिशेब दोरीवर वाळत असायचा, कुणी न मोजताही कळायचा. डायपरमधली जेल ओल पिऊन टाकते आणि वरून सगळं कोरडं लागतं. माझा पुतण्या पुण्यात राहतो, त्याच्या मुलीला जुलाब झाले तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं, डायपर भरलेलं आहे, म्हणजे सू होतेय. भरलं कशानं होतं? पाण्यासारखी शी आणि सू डायपरमध्ये वेगळी ओळखू येत नाही. एक कोरडं डायपर दुसऱ्या हातात घेऊन वजनाचा अंदाज येतो, तो नुसती सू मोजायला बरा. जुलाबाच्या दिवसांत सरळ जुन्या सुती साडीचे लंगोट काढावेत. धुण्याचा कंटाळा येईल. येऊ दे.

उरतो तो रात्रीचा प्रश्न, कारण बाळं बिघडतात ती रात्री. साडेअकरा वाजलेले, रिक्षा नाही, डॉक्टर झोपलेले, घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतं, ‘सकाळी बघू.’ या वाक्याशी भांडायला घरातल्या सुनेला फार बळ लागतं, म्हणून ते भांडण मी इथे तिच्या वतीनं करते. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि पीत नसेल किंवा सुस्त असेल, तर सकाळ नाही. मोठ्या बाळानं सहा ते आठ तासांत सू केली नसेल, चमचा तोंडाशी नेला तरी गिळत नसेल, उचलल्यावर मान-हात लोळागोळा पडत असतील, डोळे खोल गेले असतील, हातपाय गार लागत असतील, शीमध्ये रक्त असेल, ओकारी हिरवी असेल, किंवा पाजलेलं प्रत्येक वेळी बाहेर येत असेल, तर सकाळ नाही. यातलं एकच असलं तरी पुरे, सगळ्या खुणा जमायची वाट बघायची नसते.

108ला फोन करावा, किंवा गावात ज्याच्याकडे गाडी आहे त्याला उठवावं. वाटेत बाळ जागं असेल आणि गिळत असेल तर अंगावर पाजत राहावं, चमच्यानं ओआरएस देत राहावं. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाईल. अंगावर एक पातळ कपडा पुरे, घाबरून चार दुपटी गुंडाळू नयेत. लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्यावं, त्यावर वजनं लिहिलेली असतात. आणि पोचल्यावर समोर जे कुणी डॉक्टर असतील त्यांना सगळी कहाणी सांगत बसण्याआधी चार गोष्टी सांगाव्यात: वय किती, मागचं वजन किती, शेवटचं दूध कधी प्यालं, शेवटची सू कधी झाली.